पॉवर वीडर घेताय? आधी पाती कुठल्या तोंडानं बसवलीत ते बघा

यंत्र: पेट्रोलवर चालणारा पॉवर वीडर, म्हणजे हँडल धरून मागून चालवायचं, फिरत्या पात्यांनी तण काढणारं यंत्र. इंजिन २१२ सीसी, कागदावर ७ एचपी. दोरी ओढून चालू करायचा. पुढचे दोन गिअर, मागचा एक. किंमत पक्क्या बिलासकट पस्तीस हजारांच्या आसपास.
रान: सोलापूर-हैदराबाद रोडवर बोरामणीच्या अलीकडं, मेव्हण्याचं. डाळिंब, थोडी तूर, विहिरीजवळ भाजीपाला. वर काळी माती, खाली मुरूम.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एकाच बनावटीची ही यंत्रं बाजारात निरनिराळ्या स्टिकरखाली मिळतात. कुणी लाल रंग मारतो, कुणी हिरवा, आतलं गिअरबॉक्सचं ओतीव काम तेच. म्हणून मी लिहितोय ते तुमच्याही यंत्राला बहुतेक लागू पडेल.

मी शेतकरी नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, म्हणून उमर गेली. मागातून उडालेला धोटा (आडवा धागा नेणारा) काय करू शकतो हे ज्यानं बघितलंय, तो माणूस कुठल्याही फिरत्या यंत्रापाशी गेला की आधी आपले हात कुठं आहेत ते बघतो. मेव्हण्याला ते ठाऊक आहे, म्हणून दुकानात जाताना मला घेऊन गेला. "दाजी, तुमी फकस्त इंजिन बगा, भाव मी करतो," असं वाटेत ठरलं होतं.

दुकानाबद्दल थोडक्यात. भाव रास्त, बिल पक्कं, माणसं गोड बोलणारी. पण यंत्र खोक्यातून काढून जोडून देणं म्हणजे त्यांच्या लेखी चार बोल्ट आवळणं. पोरगा म्हणाला, "काका, मोटरसायकलसारखंच आहे, पेट्रोल टाका आणि चालवा." हे वाक्य ऐकून मी यंत्र तिथल्या तिथं खाली बसून तपासलं, आणि बरं झालं तपासलं.

पहिली गोष्ट, इंजिनात ऑइलचा थेंब नव्हता. हे चुकीचं नाही, ही इंजिनं कारखान्यातून कोरडीच येतात. पण ते गिऱ्हाइकाला सांगायला पाहिजे. टू-व्हीलर शोरूममधून ऑइल भरून मिळते, तशीच सवय माणसाला असते. कोरडं इंजिन सुरू केलं तर थोड्या वेळात पिस्टन जाम होतो आणि वॉरंटीवाला हात वर करतो. इंजिनात साधारण ६०० मिली लागतं. आपल्याकडच्या उन्हाला २०डब्ल्यू-४० चालतं. यंत्र सपाट जागी ठेवायचं, मापाची काडी पुसायची, आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची. आटे फिरवून बघितलं तर माप खोटं येतं. मोठ्या नावाच्या इंजिनांत ऑइल कमी झालं की इंजिन आपोआप बंद करणारी सोय असते. आमच्यात नाही. म्हणून रोज सकाळी काडी बघायची. दात घासायच्या आधी नाही, पण चहाच्या आधी नक्की.

गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं. तिथं ९० नंबरचं जाड ऑइल, पुस्तिकेत लिहिलंय तेवढं. तिसरी जागा सगळेच विसरतात: एअर फिल्टर. आमचा ऑइल-बाथ फिल्टर आहे, म्हणजे खालच्या वाटीत खुणेपर्यंत ऑइल असलं तरच तो धूळ पकडतो. वाटी कोरडी होती. सोलापूरची उन्हाळ्यातली धूळ कोरड्या फिल्टरमधून आत गेली तर सिलिंडर घासायला सॅंडपेपर लागत नाही. खरेदी करताना कागदी फिल्टर आणि ऑइल-बाथ असे दोन पर्याय दाखवले, तर आपल्या भागासाठी ऑइल-बाथच घ्या. फक्त एक लक्षात ठेवा, तो असलेलं यंत्र आडवं करता येत नाही. टेम्पोत आडवं टाकून आणलं की ऑइल कार्बोरेटरमध्ये उतरतं आणि मग दोरी ओढून खांदा निखळला तरी ते सुरू होत नाही. उभं ठेवायचं, दोन्हीकडून बांधायचं, पेट्रोलचा कॉक बंद.

आता शीर्षकातली गोष्ट. पाती दोन संचांत येतात, डावा आणि उजवा. एकमेकांचे आरशातले. प्रत्येक पात्याला एका बाजूनं धार असते. यंत्र पुढं जाताना ती धार आधी मातीत शिरली पाहिजे. दुकानातल्या पोरानं डावा संच उजवीकडं आणि उजवा डावीकडं बसवला होता. असं यंत्र चालतं, पण खणत नाही. पात्यांची बोथट पाठ जमिनीवर आपटते, यंत्र उड्या मारतं, आणि चालवणारा म्हणतो, "इंजिनात दम नाही." मला खात्री आहे, "पॉवर वीडर काळ्या रानात चालत नाही" अशी जी तक्रार गावोगाव ऐकू येते, तिच्यातल्या बऱ्याच यंत्रांची पाती उलटी असणार. एकदा खाली बसून बघितलं तर कळतं. इंजिन बंद आणि स्पार्क प्लगची टोपी काढून, हे वेगळं सांगायला नको.

मग हँडल. कमरेच्या उंचीला आवळायचं. मेव्हणा उंच, त्याची बायको बुटकी, दोघंही चालवतात, त्यामुळं दर वेळी बदलावं लागतं. नटाऐवजी हातानं फिरणारी मूठ दिली असती तर काय बिघडलं असतं? क्लचच्या केबलला थोडी ढील पाहिजे. कसोटी सोपी: इंजिन हळू चालू ठेवून लिव्हर सोडला की पाती जागेवर थांबली पाहिजेत. जरा जरी रांगत राहिली तरी केबल आधी दुरुस्त करा, मग रानात जा.

हा लिव्हर म्हणजे या यंत्राचा जीव आहे. दाबून धरला तर पाती फिरतात, हात सुटला तर थांबतात. माणूस पडला, ठेचकाळला, यंत्रानं ओढलं, तर हात सुटतोच, आणि त्याच क्षणी पाती थांबावीत एवढ्यासाठी ही रचना. आणि आपल्या लोकांनी तिला उत्तर काय शोधलंय? सुतळी! हात दुखतो म्हणून लिव्हर हँडलला बांधून टाकायचा. मी हे आजूबाजूच्या दोन-तीन रानांत माझ्या डोळ्यांनी बघितलंय. एकानं तर सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलं होतं, आणि अभिमानानं दाखवत होता. हात दुखत असेल तर थांबा, पाणी प्या, दुसऱ्याच्या हाती द्या.

सुरू करायची पद्धत: कॉक उघडा, इंजिन थंड असेल तर चोक लावा, गॅस (अ‍ॅक्सिलरेटर) थोडा वाढवा, स्विच चालू. दोरी आधी हळू ओढायची, जड लागते तिथपर्यंत, मग एक झटका. आणि दोरी सोडून द्यायची नाही, हातानं परत नेऊन ठेवायची, नाहीतर आतली स्प्रिंग तुटते. आपल्या उन्हाळ्यात चोकची गरज क्वचितच पडते. ऊन तापल्यावर गरम इंजिनाला चोक लावला तर प्लग भिजतो. बंद गोठ्यात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये सुरू करून ठेवू नका. इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पहिले काही तास यंत्राला पुरा जोर लावायचा नाही. साधारण २० तास चाललं की इंजिनाचं पहिलं ऑइल बदलायचं. आम्ही बदललं तेव्हा त्यात चांदीसारखी चकमक दिसत होती, मेव्हणा घाबरला. नव्या इंजिनाचे भाग एकमेकांत बसताना तेवढं निघतं, म्हणून तर पहिलं ऑइल लवकर काढायचं. पुढं दर १०० तासांनी.

रानात कसं चाललं? ज्यासाठी पैसे घातले ते काम त्यानं केलं. पण अट वाफशाची, म्हणजे ओल ना जास्त ना कमी. काळ्या मातीत पाऊस किंवा पाणी दिल्यावर वाफसा येईपर्यंत यंत्र आत घालू नका. ओल जास्त असली तर पात्यांवर चिखलाचे गोळे चढतात आणि मागं कणीक तिंबल्यासारखी जमीन राहते, वाळली की ढेकळं. फार सुकली तर पाती वरच्या वर नाचतात. मधली वेळ पकडली की माती भुगा होते. दुकानात सहा इंच खोल म्हणतात, आमच्या रानात तीन ते चार इंच मिळतात, आणि खुरपणीच्या कामाला तेवढे पुष्कळ झाले. पेट्रोल तासाला लिटरच्या आसपास.

खोलीबद्दल सगळ्यांचा एक गैरसमज आहे की हँडल दाबलं की खोल जातं. यंत्राच्या मागं जमिनीत रुतणारी जी लोखंडी पट्टी असते, ती ब्रेकचं काम करते. ती खाली केली की यंत्राची पुढं पळायची ओढ कमी होते आणि पाती एकाच जागी जास्त वेळ खणतात. वर केली की यंत्र पळतं. पट्टी बरोबर लागली असेल तर चालवणाऱ्याला फक्त दिशा द्यायची असते. पट्टी काढून टाकून छातीनं रेटणारे पैलवान पाहिले की मला त्यांच्या कमरेची काळजी वाटते.

डाळिंबवाल्यांसाठी एक खास सूचना. आमची झाडं केगावच्या डाळिंब संशोधन केंद्राच्या शिफारशीप्रमाणं ४.५ बाय ३ मीटरवर आहेत, म्हणजे दोन ओळींत यंत्र फिरायला जागा आहे. म्हणून खोडापर्यंत जायचं नाही. डाळिंबाची अन्नपाणी घेणारी मुळं वरच्या थरात, ड्रिपच्या आसपास असतात. पात्यांनी ती तुटली की जखमेतून मर रोगाच्या बुरशीला वाट मिळते. मधला पट्टा यंत्रानं, झाडाखालचं गवत खुरप्यानं. बायकांची मजुरी यामुळं निम्म्यावर आली, पूर्ण वाचली नाही. "खुरपणीचा खर्च शून्य" असं कुणी सांगत असेल तर त्याच्या बागेत मला एकदा जाऊन यायचंय.

गवताचंही तसंच. गाजरगवत, दीपमाळ यांचा चुरा होतो, बी धरायच्या आधी फिरवलं तर उत्तम. हराळी आणि लव्हाळ्यावर मात्र हे यंत्र चालवू नका. हराळीच्या प्रत्येक तुकड्याला कोंब फुटतो. लव्हाळ्याच्या गाठी पाती रानभर पेरत जातात. विहिरीजवळच्या तुकड्यात हे होताना वहिनींनी आधी ओळखलं. त्या म्हणाल्या, "दाजी, यानं तर लव्हाळ्याची लागण केली." तिथं आता कुदळीनं गाठी वेचायचं काम चालू आहे.

आता यंत्रातल्या उणिवा. एक, इंजिन बंद करायचं बटण इंजिनावर आहे, हँडलवर नाही. यंत्र ओढून नेतंय आणि बटण हातापासून तीन फूट लांब, ही कसली अक्कल? मी हँडलवर स्विच आणून वायर जोडून घेतली, गॅरेजवाल्याचं अर्ध्या तासाचं काम. दोन, मागचा गिअर. पाती चालवणाऱ्याच्या पुढं असतात तोवर ठीक. मागचा गिअर टाकला की तीच पाती तुमच्या नडगीकडं चालून येतात. पाठीमागं झाड, बांध किंवा ड्रिपचा पाइप असेल आणि तुम्ही अडखळलात तर यंत्र अंगावर. आमच्याकडं नियम केलाय: बांधाशी जागा नसेल तर गॅस कमी करून, लिव्हर सोडून, हँडल उचलून यंत्र वळवायचं. मागचा गिअर फक्त मोकळ्या जागी, गॅस अगदी कमी, आणि मागं बघून.

तीन, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठी उणीव: धक्का सोसणारी कमकुवत कडीच नाही. पात्यात दगड अडकला की झटका थेट गिअरला. माझा भाचा अमेरिकेत मिनेसोटात असतो. तिकडं दारापुढचा बर्फ फेकायला असंच पेट्रोलचं यंत्र घरोघरी असतं, फोर-स्ट्रोक इंजिन, दोरी, चोक, सगळं ओळखीचं. व्हिडिओ कॉलवर त्यानं ते मला उघडून दाखवलं. बर्फ ओढणारा जो स्क्रू आहे तो मऊ पिनेवर बसवलेला असतो. दगड किंवा गोठलेला वर्तमानपत्राचा गठ्ठा अडकला की ती पिन तुटते आणि गिअरबॉक्स वाचतो. पिन स्वस्त, जादा पिना घरात ठेवायच्या, तिच्या जागी कडक बोल्ट घालायचा नाही. आणि बर्फ अडकला तर काढायला यंत्रावरच एक दांडकं लावलेलं असतं, कारण हात घालून बोटं गमावणारे तिकडंही कमी नाहीत. त्यानं एक गोष्ट सांगितली ती मी मेव्हण्याला तीनदा ऐकवली: इंजिन बंद केलं तरी अडकलेल्या स्क्रूमध्ये ताण उरलेला असतो. अडकलेलं सुटलं की तो एक गिरकी घेतो.

आपल्याकडं बर्फ नाही, ड्रिपची नळी आहे. सोळा मिलिमीटरची नळी पात्यात गेली की दोन सेकंदांत शाफ्टवर वीतभर जाड गुंडाळी होते, आणि तिच्यात तोच ताण असतो. सुतळी, जुनं मल्चिंग पेपर, तारेचा तुकडा, साडीचा तुकडा, सगळ्याचं हेच. काढायची पद्धत आमच्या शेडच्या दारावर खडूनं लिहून ठेवलीय: इंजिन बंद, प्लगची टोपी काढून बाजूला, पाती पूर्ण थांबलीत का ते बघा, विळ्यानं गुंडाळी कापा, आकड्यानं ओढा. हात शेवटी. आकडा मी घरी सळईचा वाकवून दिलाय. कंपनीनं यंत्राबरोबर दिला असता तर दहा-वीस रुपयांनी तिचं दिवाळं निघालं नसतं.

कपड्यांचं सांगायला नको, पण सांगतो. उपरणं, मफलर, सुटा पदर, लुंगी, काही नको. चप्पल नको, निदान गमबूट. पात्यांवरचं पत्र्याचं झाकण काढून टाकायचं नाही, दगड तिथूनच उडतात. मागं गवत वेचणाऱ्या बायका पंधरा-वीस फूट लांब, पोरं बांधाच्या पलीकडं. कानात बोळे घाला. मागांच्या खडखडाटात माझा डावा कान गेलाय. तेव्हा आम्हाला कुणी बोळे दिले नाहीत, आता मेडिकलमध्ये मिळतात.

पेट्रोल. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांची कमी नाही, तेव्हा तक्रार करायला आपल्याला तोंड नाही. पण इथेनॉल हवेतली ओल ओढतं. टाकीत पेट्रोल ठेवून यंत्र दोन-तीन महिने उभं केलं, तर खालच्या थरात पाणी साठतं आणि कार्बोरेटरचं बारीक भोक बंद होतं. काम संपलं की टाकी रिकामी करा, कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. आणि भरताना इंजिन थंड होऊ द्या. सायलेन्सर टाकीला खेटून आहे, तोंडात बिडी आणि हातात कॅन असा एक इसम मी यंत्रापासून हाकललाय.

अनुदानाचं विचारणाऱ्यांसाठी: महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी योजनांच्या अर्जाच्या पोर्टलवर, कृषी यांत्रिकीकरणात पॉवर वीडर बसतो. अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीचे शेतकरी यांना ५० टक्के, इतरांना ४० टक्के, कमाल मर्यादेच्या आत. पण आधी अर्ज, मग पूर्वसंमती, मग खरेदी. आधी यंत्र आणून मग बिल घेऊन धावणाऱ्याला काही मिळत नाही. यंत्राचा चाचणी अहवाल आहे का हेही दुकानात विचारा. तो प्रश्न विचारला की स्वस्तातली निम्मी मॉडेलं आपोआप बाजूला होतात.

कुणी घ्यावा? दोन-चार एकर, ओळीत अंतर असलेलं पीक, आणि घरात एक तरी माणूस पाना धरायला कंटाळत नाही, त्यानं घ्यावा. नुसता कांदा करणाऱ्यानं घेऊ नये, ओळींत यंत्र शिरणार नाही. मुरमाड दगडी रानवाल्यानं बेल्टवर चालणारं मॉडेल बघावं, दगड लागला तर निदान बेल्ट घसरेल. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन, दुकानाला अडीच.

आता आजूबाजूचे यंत्र एक दिवसासाठी मागायला येतात. मेव्हण्याला नाही म्हणता येत नाही, सगळे भावकीतले. मी तोडगा काढून दिलाय: यंत्र पाहिजे तर मेव्हण्यासकट न्यायचं. पेट्रोल तुमचं, जेवण तुमचं, आणि लिव्हरला सुतळी दिसली की तो यंत्र घेऊन परत येणार.